खुंट्यापासून काठापर्यंत

राच साओ, १० सप्टेंबर २००३

थाम,

मी बरी आहे. लुआ बरी आहे. लाल कोंबडी मेली; म्हातारीच झाली होती, खाल्ली. दर पत्रात तू आधी तब्येत विचारतेस म्हणून पहिल्या ओळीतच उरकून टाकलं.

फोन करू नकोस म्हटलं तर रुसलीस. दुकानात उभं राहून बोललं की दुकानवाली आधी कान लावते, आणि आपण घरी पोचायच्या आत आपलं बोलणं गावात पोचलेलं असतं. माझं अक्षर कोंबडीच्या पायाचं, पण ते तुझ्याशिवाय कुणाला लागत नाही. प्रौढांच्या वर्गात तीन महिने बसले, तेवढ्यात एवढंच आलं. पुरतं.

पाच तारखेला शाळा सुरू झाली. ढोल वाजला. तोच ढोल, ज्याला तिसरीत असताना खिळा टोचून तू माझ्या नावाला बट्टा लावला होतास. आता तुझी पोरगी तिसरीत. नवा मास्तर आला आहे, खिएम नावाचा. बगळ्यासारखी मान, चपला हातात घेऊन चिखलातून चालतो. परवा अंगणात येऊन उभा राहिला.

"आजी, जाळी तुम्हीच विणता ना?"

"नाही, माझी कोंबडी विणते."

हसला. म्हणजे माणूस बरा आहे.

त्याला दोरी हवी होती. पोरांना मीटर शिकवायचा आहे. शाळा आणि नदी यांच्या मधे आपलं घर, केळी आणि तुझ्या बापाची कबर. कबरीच्या पायथ्याशी त्यानं एक खुंटा ठोकला. दर शनिवारी चौतीस पोरं येणार, खुंट्यापासून काठापर्यंत मोजणार, आकडा वहीत लिहिणार. म्हणतो, "पुस्तकातला मीटर पोरं विसरतात, नदीचा विसरणार नाहीत."

दहा सेंटिमीटरची बांबूची पट्टी त्यानंच कापून दिली. जाळ्याची घरं सारखी पडावीत म्हणून पट्टी धरतो तशी धरली. पट्टीगणिक एक गाठ, दहा गाठींवर लाल दोरा. वीस मीटर दोरी केली. मास्तरनं आपला लाकडी मीटर लावून पाहिला. केसाचा फरक नाही. "आजी, तुमच्या गाठी म्हणजे छापील काम." मला काय सांगतो. दोरी माझ्याकडेच ठेवली आहे, शाळेत ठेवली तर पोरं उड्या मारून तिची वाट लावतील.

पहिला आकडा चौदा.

लुआची चिठ्ठी सोबत आहे. तिसरीत पत्र लिहायला शिकवतात. मला वाचू देत नाही. म्हणते, दुसऱ्याचं पत्र वाचू नये असं गुरुजी सांगतात. जीभ तुझी घेतली आहे. नशीब, बापाचे पाय घेतले नाहीत, नाहीतर तीही सायगॉनला पळाली असती.

आई

(चिठ्ठी)
प्रिय आई, माझी उंची १ मीटर १८ सेंटिमीटर आहे. गुरुजींनी आजीच्या दोरीने सगळ्यांची उंची मोजली. मुलींमध्ये माझा सातवा नंबर आहे. खुंटा ते काठ १४ मीटर. तू किती मीटर लांब आहेस? गुरुजी नकाशात बघून सांगणार आहेत. लुआ


ताइचुंग, २६ सप्टेंबर

आई,

लुआची चिठ्ठी मी पलंगाशेजारी चिकटवली आहे. ज्या म्हातारीला मी सांभाळते ती रोज बोट दाखवून विचारते, हे कुणाचं? मी रोज सांगते. ती रोज विसरते.

पण चौदा मीटर वाचून मी तो आकडा पुन्हा पाहिला. मी शाळेत होते तेव्हा बाबांच्या कबरीजवळच्या आंब्यापलीकडे आपण दोन म्हशी बांधायचो. त्यांच्या पुढे वेताची रांग. त्यापुढे घाटाची पायवाट, आणि मग घाट. चौदा मीटरमध्ये हे सगळं कसं मावतं? तू मला काही सांगितलं नाहीस.

दादाच्या घरी शहरात एक खोली रिकामी आहे. तो हो म्हणतो, वहिनीसुद्धा म्हणते. लुआला घेऊन तिकडे जा ना. निदान पुराचं पाणी उतरेपर्यंत.

दर पत्रात आकडा लिही. खरा लिही.

थाम


राच साओ, १५ ऑक्टोबर

थाम,

वेताची रांग दोन वर्षांपूर्वी गेली. घाट तर तू विमानात बसलीस त्याच वर्षी गेला. सांगून काय करणार होतीस? तिथून येऊन हातानं थोपवणार होतीस?

तुझी वहिनी हो म्हणते ते दादासमोर. तिच्या घरात पाण्याचा पेला उचलला तरी ती पेल्याखालची फरशी पुसते. मला नको.

आकडा मागितलास. गेल्या शनिवारी बारा होते, या शनिवारी साडेअकरा. समोर नदीत सहा पडाव उभे आहेत, वाळू उपसायच्या मोठ्या होड्या. दिवसभर पंप नदीचं पोट खरवडतो. वर्गात मास्तरला ओरडून शिकवावं लागतं, म्हणून लुआ घरीसुद्धा सातचा पाढा ओरडून म्हणते. साता साती एकोणपन्नास, आणि कोंबड्या उडतात. आजीला एकही पाढा येत नाही याची तिला फार मौज वाटते. मी म्हटलं, मासळी विकताना मला कुणी फसवलं आहे का आजवर?

परवा कचेरीतून एक साहेब आला. चामड्याचे बूट घालून नदीकाठी आला, यावरूनच अक्कल समजली. मास्तरची वही पाहिली. म्हणाला, आकडा दहावर आला की शाळा बंद, काठावरची सात घरं खाली, आणि कबरी उकरून वरच्या मसणात. मग माझ्याकडे वळून अगदी गोड आवाजात म्हणतो, "आजी, काळजी नको. हाडं मडक्यात नीट भरून देतात."

मी म्हटलं, "आधी तुझ्या आजीची भर. बघू मावते का."

मास्तरनं तोंड फिरवलं. हसत होता बहुतेक.

हसण्यासारखं काही नाही, थाम. माझं हे वाईट वर्ष आहे. भिक्खूंनी गेल्या नववर्षालाच सांगितलं होतं. बायकोच्या वाईट वर्षात नवऱ्याची माती हलवली की तो वाट चुकतो, मग कुणाच्या दारात उभा राहील याचा नेम नाही. आणि त्याच्या डावीकडची जागा माझी आहे. बत्तीस वर्षं ती मी झाडून ठेवते. मरताना त्यानं काही मागितलं नाही, एवढंच म्हणाला की नदी दिसली पाहिजे. वरच्या मसणातून डुकरांचे गोठे दिसतात.

शाळा बंद झाली तर पोरं पलीकडच्या शाळेत, नावेतून. त्या नावेत मी माझी कोंबडी चढवणार नाही.

पाणी उतरताना नदी थोडं खाते, मग तोंड पुसून बसते. आजवर चारदा पाहिलं आहे. या वेळीही बसेल.

आई


राच साओ, १२ नोव्हेंबर

थाम,

नदी बसली. मी म्हटलं नव्हतं? तीन शनिवार झाले, आकडा अकरावर थांबला आहे.

मास्तर मात्र डोकं खाजवतो. गेल्या खेपेला दोरी गुंडाळून झाली तरी काठाकडे बघत उभा होता.

"आजी, डोळ्याला कमी वाटतं."

"डोळ्यानंच मोजायचं होतं तर माझ्याकडून दोरी कशाला करून घेतली?"

दोरी माझ्या हातात देऊन निघाला. शिकलेल्या माणसाला त्याचंच शिकवणं परत दिलं की तो वाटेला लागतो.

मागचा भाग जरा चिखलाचा झाला आहे. पोरांचे पाय घसरू नयेत म्हणून मी कबरीमागे केळीची पानं आणि भाताचा पेंढा पसरला आहे. चांगला जाड. पोरांनी रांगेत यायचं, पेंढ्यावर उभं राहायचं, मोजायचं, जायचं. ती शिस्त मी लावली आहे. मास्तरला आवाज नाही, मला आहे.

वीस तारखेला गुरुजींचा सण. लुआच्या वर्गानं साबणाच्या वड्या आणि फुलं द्यायचं ठरवलं आहे. चौतीस साबण! पुढच्या नववर्षापर्यंत मास्तर नुसता फेस होऊन फिरेल. चित्राच्या तासाला 'माझं घर' काढायला सांगितलं होतं. लुआनं घर छान काढलं. केळी, मी झुल्यात, आजोबांची कबर. आणि कबरीमागे एक काळी रेघ, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"ही काय घाण?"

"भेग आहे."

"चित्रात घाण करू नये. खोड."

खोडली. रबरानं कागद जरा फाटला.

जेवण बरं चाललं आहे. पाण्याबरोबर येणारे बारके मासे आता संपत आले. पिवळ्या फुलांची आंबट आमटी लुआ अजूनही दोन वाट्या पिते. तिची चिठ्ठी सोबत. तिनं स्वतःच पाकिटात घालून डिंक लावला, मला हात लावू दिला नाही.

आई

(चिठ्ठी)
प्रिय आई, मी खूप वाढले. काल आजी बाजारात गेली होती तेव्हा मी दोरी दाराला टांगून स्वतः मोजलं. १ मीटर ४२ सेंटिमीटर! आता मी मुलींत पहिली असेन, पण रांगेत अजून सातवीच उभी राहते. गुरुजींना अजून सांगितलं नाही. पहिलं तुला. तू २०,००,००० मीटरहून जास्त लांब आहेस असं गुरुजी म्हणतात. तेवढी दोरी आजीकडे नाही. लुआ


ताइचुंग, ३० नोव्हेंबर

आई,

नदी थांबली हे वाचून जीव भांड्यात पडला. तुझं खरं ठरलं, आता मला टोमणे मारायला तू मोकळी.

आणि लुआ! चिठ्ठी घेऊन मी म्हातारीच्या न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि रडले. एक बेचाळीस! मी एक एकावन्न आहे. अजून दोन बोटं वाढली की ती माझ्या कपाळाला लागेल, आणि मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती माझ्या कमरेला होती. इतकं सगळं माझ्यावाचून झालं. तू तिला असं काय खाऊ घालतेस?

रविवारी बाजारातून तिच्यासाठी निळा झगा घेतला. दुकानातल्या बाईला उंची सांगितली, ती म्हणाली, बारा वर्षांच्या मुलीचा लागेल. मी म्हटलं, माझी आठ वर्षांची आहे. ती म्हणाली, मग खूप उंच आहे हो! मला इतका अभिमान वाटला की घासाघीससुद्धा केली नाही. आपल्या गावची तुयेत सुटीवर येते आहे, तिच्याबरोबर पाठवते. परीक्षेच्या आधी पोचेल. परीक्षेला तोच घालू दे.

थाम


राच साओ, १३ डिसेंबर

थाम,

पत्र मिळालं. झगा पाठवू नकोस. तुयेत निघाली नसेल तर परत घे. पोरीला कपडे आहेत. निळा रंग लगेच मळतो.

पोरं वाढतात, त्यात काय. खाते, वाढते. कुणाला सांगत बसू नकोस, दृष्ट लागते. लुआलाही मी सांगितलं आहे की उंची सारखी मोजू नये, मोजलं की वाढ खुंटते. दोरी आता मी माळ्यावर ठेवते.

परीक्षा जवळ आली. सातचा पाढा झाला, आठचा झाला, भागाकार चालू आहे. गेल्या शनिवारी अकराच. आजही अकरा.

कुत्रा चार दिवस झाले घराच्या मागच्या बाजूला जात नाही. म्हातारा झाला आहे तोही.

आई


ताइचुंग, २० डिसेंबर

आई,

हे पत्र तुला कधी मिळेल माहीत नाही. म्हणून सकाळी दुकानात फोन केला. दुकानवाली म्हणाली, तुझी आई फोनवर येत नाही, तिनंच सांगून ठेवलं आहे. मी म्हटलं, जीवन-मरणाचा निरोप आहे, तिला सांगा की दोरी मला कळली. ती हसली, म्हणाली, सांगते हो सवडीनं, आणि ठेवला.

म्हातारीच्या नातवाची उंची इथे दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं लिहिलेली आहे. दर वर्षाची एक रेघ. काल फरशी पुसताना माझ्या डोळ्यांसमोर आली. एका वर्षात पाच सेंटिमीटर, फार तर सहा. आमच्या पोरीचे दोन महिन्यांत चोवीस?

मी खाली बसले, हातात ओलं फडकं, आणि मला आठवलं. मी सहा वर्षांची होते. बाबा वरच्या गावी गेले होते. तू बांबूची पट्टी विळ्यानं तासून बारीक केलीस आणि नवं जाळं विणलंस, बारक्या घरांचं, माशांची पिल्लंसुद्धा अडकावीत म्हणून. बाबांनी येऊन नुसता हात फिरवला आणि ओळखलं. ते जाळं त्यांनी अंगणात जाळलं. तू आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाहीस.

आई, तू पट्टी तासलीस.

मी लोकांची धुणी-भांडी करते, पण मला भागाकार येतो. तुझे अकरा म्हणजे नऊ. आणि तेही नोव्हेंबरातले. त्यानंतर तू पुन्हा तासली असशील. तुझा हात एकदा तासून थांबत नाही, मला माहीत आहे. आता खरे किती आहेत? त्या पेंढ्याखाली काय आहे?

तिथे चौतीस पोरं उभी राहतात. त्यांत सातवी माझी आहे.

त्यांना तिथून काढ. बाबांना राहू दे. पोरांना काढ.

थाम


राच साओ, २७ डिसेंबर

थाम,

लुआ जिवंत आहे. चौतीसच्या चौतीस जिवंत आहेत. तब्येतीचं आधी लिहायचं ठरलं आहे म्हणून आधी लिहिलं.

तुझं पत्र अजून मिळालेलं नाही. दुकानवालीनं निरोप दिला, पण मंगळवारी. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. जे झालं ते मी लिहिते, मधे रडू नकोस, तुला वाचून दाखवायला कुणी नाही, एका दमात वाच.

शुक्रवारी एकोणीसला तुयेत आली. मी बाजारात होते. झगा तिनं थेट लुआच्या हातात दिला. शनिवारी पोरगी तो घालून शाळेत गेली, मी चुलीशी होते, पाहिलं नाही. बाह्या हाताच्या खाली वीतभर लोंबत होत्या, घेर चिखलात. पोरं हसली. कुणीतरी म्हणालं, आजीचा घातलास का गं? लुआ चिडली, म्हणाली, "माझ्या आईनं मापानं आणलाय! मी एक बेचाळीस आहे!"

मास्तर हसला नाही. त्यानं तिला भिंतीशी उभं केलं, लाकडी मीटर लावला. एक एकोणीस.

दुपारी बाराला तो माझ्या दारात. चपला पायात होत्या, चिखलासकट आत आला.

"आजी, दोरी द्या."

मी म्हटलं, "माळ्यावर आहे. माझ्या गाठी चुकत नाहीत."

"म्हणूनच मागतोय."

दिली. त्यानं ती जमिनीवर पसरून मीटर ठेवला. लाल दोऱ्यापासून लाल दोऱ्यापर्यंत सत्तर. मग बोटांवर काहीतरी केलं. म्हणाला, "अकरा म्हणजे पावणेआठ." आवाज अगदी बारीक. "कधीपासून?"

"ऑक्टोबर संपता संपता."

त्यानं शिवी दिली असती तर मी चार परत दिल्या असत्या. त्यानं वही उघडली आणि आकडे मोजत गेला. आठ शनिवार. दर शनिवारी चौतीस. मग उठला आणि मागे गेला. मी पाठोपाठ. त्यानं पेंढा पायानं बाजूला केला, केळीची पानं उचलली.

मी पानं पसरली तेव्हा त्या भेगेत बोट जायचं. मी माती भरायचे, ती गिळायची. मी आणखी भरायचे. आता त्यात मास्तरचा हात कोपरापर्यंत गेला, आणि त्यानं तो झटकन बाहेर काढला. म्हणाला, खालून वारा येतो आहे.

तू विचारशील, आई, तुला दिसत नव्हतं का? दिसत होतं. मला वाटलं, नदी थांबेल. चारदा थांबली होती. पण तेव्हा तिचं पोट भरलेलं होतं. आता खाली वाळू नाही, ती थांबणार कशावर? हे मला मास्तरनं तिथं उभं राहून सांगितलं, तिसरीच्या पोराला सांगावं तसं. मला कळलं. मला आधीही कळलं असतं, मी विचारलं असतं तर.

त्यानं स्वतः ढोल वाजवला, शनिवारी दुपारी, सुटी झाल्यावर. गाव धावत आलं. रविवारी सात घरं खाली केली. बाकं देवळाच्या आवारात नेली, परीक्षा तिथं घ्यायची ठरली. ढोल तेवढा राहिला, जड म्हणून. तुझ्या बापाचा फोटो, चूल, कोंबड्या, जाळी, मी सगळं काढलं. त्याला कबरीतून काढता येत नव्हतं. भिक्खू म्हणाले, वाईट वर्षात मी हात लावणार नाही. गावातली तरणी पोरं म्हणाली, आजी, आम्ही त्या बाजूला पाय ठेवणार नाही. कोण ठेवणार?

सोमवारी सकाळी दहाला गेलं. मी आणि लुआ वरच्या रस्त्यावर उभ्या होतो, ती झग्याच्या बाह्या गुंडाळून. आवाज फार नाही झाला. मोठ्या माणसानं झोपेत कूस बदलावी तेवढा. आधी आंबा वाकला. मग कबर गेली, सिमेंटसकट, उभीच्या उभी, पायांच्या बाजूनं. तो होडीत असाच उतरायचा, आधी पाय. डावीकडची माझी जागाही त्याच्याबरोबर गेली. मग केळी, मग स्वयंपाकघर, मग शाळेच्या दोन खोल्या. लुआ ज्या खोलीत सातचा पाढा म्हणायची ती पहिली. ढोल पाण्यात पडला आणि तरंगत गेला. बराच वेळ दिसत होता.

लुआ म्हणाली, "आजी, आपण तिथं उभं राहायचो." तिनं बोट दाखवलं ते नदीच्या मधोमध.

संध्याकाळी वाळूच्या पडाववाल्यांनी ढोल अडवून परत आणून दिला. म्हणाले, आजी, वाईट झालं. त्यांना मी काय बोलणार? मी फडकं घेऊन ढोल पुसला.

आई


ताइचुंग, ८ जानेवारी

आई,

वाचलं. तीनदा वाचलं.

तुला काय लिहावं ते मला सुचत नाही, म्हणून लिहीत नाही. एकच विचारते. लुआला तू काय सांगितलंस? तिनं मला दोन चिठ्ठ्यांत खरं लिहिलं, जसं मोजलं तसं. तिला कळलं का की खोटं कुणी बोललं?

आणि दादाकडे जा. वहिनीच्या फरशीवर पाय ठेवून जा.

थाम


राच साओ, २४ जानेवारी

थाम,

विचारलंस ते आधी सांगते. लुआला मी समोर बसवलं. जुनी पट्टी, तासलेली पट्टी आणि त्यानंतरची, तिन्ही तिच्या हातात दिल्या. म्हटलं, ही मास्तरची, ही माझी, ही पण माझी. तिनं त्या एकमेकींना लावून पाहिल्या. म्हणाली, "म्हणजे मी वाढले नव्हते." मी म्हटलं, नाही. ती उठून बाहेर गेली, कोंबड्यांना दाणे टाकले, परत आली आणि तिन्ही पट्ट्या आपल्या दप्तरात ठेवल्या. एवढंच. तू असतीस तर रडली असतीस आणि मला सोपं गेलं असतं. ही रडत नाही. हे तिनं माझं घेतलं आहे.

कचेरीत मास्तरला बोलावलं. वहीवर त्याची सही होती, आठ शनिवार, सगळे खोटे. त्याला शिपायासारखं उभं करून विचारत होते. मी आत गेले. बूटवाला म्हणाला, "आजी, तुमचं काय काम?" मी खाली बसले, पिशवीतून दोरी काढली, लुआकडून उसनी मागून आणलेली पट्टी काढली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत दहा गाठी मारल्या. म्हटलं, लाव तुझा मीटर. सत्तर आले. म्हटलं, "हे हात कुणाचे आहेत ते लिहून घे. माझी सही नाही येत नीट, पण अंगठा चांगला उमटतो." लिहून घेतलं. मास्तरला तरी ठपका लागलाच, पण त्याला शाळेतून काढलं नाही. बाहेर आल्यावर मी म्हटलं, शिव्या द्या आता. तो म्हणाला, "नको आजी. मीही डोळ्यावर विश्वास ठेवायला हवा होता." तो मला तोंडावर दोष देत नाही, त्याचंच ओझं आहे.

पहिली सहामाही संपली. देवळाच्या आवारात निकाल लागला. लुआला गणितात दहापैकी नऊ, भाषेत आठ, चित्रात सहा. चित्रात कमी का म्हणून विचारलं तर म्हणाली, पुन्हा 'माझं घर' काढायचं होतं, मी कागद कोरा दिला. ढोल वाळवून त्याला तेल लावलं आहे, आवाज जरा बसका येतो.

आता शाळा भातगिरणीच्या शेडमध्ये भरते, आणि आम्ही दोघी गिरणीवाल्याच्या पडवीत. मास्तरनं गिरणीच्या कोपऱ्यापाशी नवा खुंटा ठोकला आहे. नवी दोरी पोरांनी बनवली, वेड्यावाकड्या गाठींची, प्रत्येक मीटर लाकडी मीटरला लावून. ती लुआच्या दप्तरात असते. पहिला आकडा एकसष्ट. पडाव आता अलीकडे सरकले आहेत, पंप गिरणीच्या आवाजातही ऐकू येतो.

आपल्या नववर्षाचे दिवस सरले की दादाकडे जाते. या वेळी खरं सांगते. विश्वास बसत नसेल तर लुआला विचार. चिठ्ठी तिनं लिहिली आहे, पाकीट उघडंच माझ्यापुढे ठेवलं, डिंक मी लावावा म्हणून. मी वाचली नाही.

आई

(चिठ्ठी)
प्रिय आई, माझी उंची १ मीटर १९ सेंटिमीटर आहे. लाकडी मीटरने. झगा ठेवून दिला आहे, मी सातवीत-आठवीत गेले की होईल. गेल्या शनिवारी खुंटा ते काठ ६१ मीटर होते. आज ५८. मी दोनदा मोजलं. आजी लांब उभी होती, तिने गाठींना हात लावला नाही, मी बघत होते. लुआ